प्रीकास्ट भिंतीच्या फटी भरायचं काम घेताय? आधी फट मोजा, मग भाव सांगा



बीडहून गेवराईकडे जा, माजलगावकडे जा, नाहीतर अंबाजोगाईकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रीकास्टचं काम दिसेल. आधी फक्त प्लॉटला प्लेटचं कंपाउंड असायचं. आता वॉचमनची खोली, शेतातली खोली, पोल्ट्री, पंपाची केबिन, मालाचं गोडाऊन, सगळं कारखान्यात ओतून ट्रकमधून येतं आणि क्रेनने उभं राहतं. आठवड्यात भिंती तयार!

पण पहिला मोठा पाऊस झाला की मालकाचा फोन सुरू होतो. "भिंत चांगलीय हो, पण जॉइंटमधून पाणी येतंय."

हा फोन म्हणजे तुमच्यासाठी काम आहे. मशिनरीत मोठी गुंतवणूक लागत नाही, दोन माणसांत सुरू होतं, आणि ते नीट करणारा माणूस तालुक्याच्या गावी सहसा सापडत नाही. बहुतेक ठिकाणी गवंड्याला बोलावून फटीत सिमेंट भरून घेतात. पुढच्या पावसात तीच फट पुन्हा गळते.

आजच्या व्हिडिओत आपण सीलंटची गन कशी धरायची ते पाहिलं. या लेखात त्यामागचं कारण आणि हिशोब बघू. गन धरायला दोन दिवसांत जमते. धंदा बुडतो तो हिशोबात.

हे काम वाढणार कशावरून?

प्रीकास्ट महाराष्ट्रात नवीन नाही. पुण्याच्या बी. जी. शिर्के यांच्या कंपनीने कारखान्यात भाग ओतून इमारती उभ्या करण्याचं काम अनेक दशकं केलं. २०२२ साली सिडकोने नवी मुंबईत बामणडोंगरी इथं ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी करून घेतली, तीही प्रीकास्टवरच. मोठ्या शहरात जे रुळतं ते थोड्या वर्षांत आपल्याकडे येतंच. आपल्याकडे ते गोडाऊन आणि शेडच्या रूपात आलंय.

आता साधा विचार करा. विटांच्या भिंतीत जोड असतात, पण वरून प्लास्टर होतं. प्रीकास्टमध्ये दोन पॅनेलच्या मधली प्रत्येक फट उघडी असते. म्हणजे जितकं प्रीकास्ट, तितक्या फटी. आणि प्रत्येक फट कुणीतरी भरावीच लागते.

सिमेंट का टिकत नाही?

आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींना दरजा भरायची पद्धत आहे. ते काम वर्षानुवर्षं टिकलं. म्हणून गवंड्याला वाटतं, इथंही तसंच करू. त्याचं चुकतं कुठं?

वाड्याची भिंत दोन-तीन फूट जाड, दगड लहान, आणि दरजा शेकडो. ऊन-थंडीने जी हालचाल होते ती त्या शेकडो दरजांत वाटली जाते. एकेकीच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. प्रीकास्टमध्ये एकच मोठा पॅनेल असतो आणि त्याची सगळी हालचाल शेजारच्या एका फटीवर येते.

किती हालचाल? काँक्रीट एक अंश तापमानाला दर मीटरमागे साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. आपल्या भागात डिसेंबरच्या पहाटेची भिंत आणि मे महिन्यात दुपारी उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. मग ३ मीटरचा पॅनेल १.२ मिलिमीटर हलतो आणि ६ मीटरचा २.४ मिलिमीटर.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण सिमेंट रबरासारखं ताणत नाही. ते एका बाजूने सुटतं आणि केसाएवढी भेग पडते. पाण्याला तेवढी पुरते.

इथं अजून एक गोष्ट लक्षात घ्या. चांगल्या सीलंटवर "२५ टक्के हालचाल" असं लिहिलेलं असतं. म्हणजे फट भरताना जेवढी रुंद होती, त्याच्या पाव हिश्शाइतकी ती उघडली किंवा मिटली तरी माल सहन करतो. १२ मिलिमीटरच्या फटीत २.४ मिलिमीटर म्हणजे २० टक्के. चालेल. पण पॅनेल बसवणाऱ्याने फट ५ मिलिमीटरच ठेवली असेल तर तेच २.४ मिलिमीटर जवळजवळ ४८ टक्के होतात. मग कितीही महागाचा माल भरा, तो फाटणार. दोष मालाचा नसतो, फटीचा असतो. पण गिऱ्हाईक दोष तुम्हाला देतं!

म्हणून नियम पहिला: फट न मोजता काम घ्यायचं नाही.

पाणी आत येतं तरी कसं?

कॅनडातल्या इमारत संशोधकांनी १९६३ मध्येच हे फार सोपं करून मांडलं होतं. भिंतीतून पाणी आत यायला तीन गोष्टी एकत्र लागतात: भिंतीवर पाणी, भिंतीत वाट, आणि पाण्याला आत ढकलणारा जोर. तीनपैकी एक काढली की गळती बंद.

पाऊस तुम्ही थांबवू शकत नाही. छज्जा किंवा पत्र्याची पागोळी भिंतीपासून लांब टाकली तर भिंतीवरचं पाणी मात्र कमी होतं. वाट आपण सीलंटने बंद करतो. आणि जोर म्हणजे मुख्यतः वारा. बाहेर वारा दाबतो, आत दाब कमी असतो, म्हणून पाणी फटीतून ओढलं जातं. बारीक भेगेत तर पाणी स्वतःहूनही चढतं, वात तेल ओढते तसं.

यावरूनच मोठ्या इमारतींत दुहेरी जॉइंट आला. बाहेरून एक सील पावसाला अडवायला, आतून दुसरा सील हवेला अडवायला, आणि मध्ये मोकळी जागा. चुकून बाहेरचा सील चुकवून पाणी आत आलंच, तर ते मधल्या जागेतून खाली उतरतं आणि तळाशी ठेवलेल्या छिद्रातून बाहेर पडतं. अशा इमारतीत तळाची छिद्रं दिसली तर "इथंही भरून देतो साहेब" म्हणून ती बुजवू नका. पाण्याची बाहेर जायची वाट तीच आहे.

आपल्याकडच्या गोडाऊनमध्ये बहुतेक एकेरी जॉइंटच असतो. म्हणजे दुसरी संधी नाही. जे भरायचं ते एकदाच आणि नीट.

काम करायची पद्धत

आधी जुनं सिमेंट किंवा पुट्टी काढा. मग फटीच्या दोन्ही कडा वायर ब्रश किंवा ग्राइंडरने घासा. कारखान्यात पॅनेल साच्याला चिकटू नये म्हणून तेल लावतात, ते कडेवर राहिलेलं असतं. त्याच्यावर कुठलाच माल धरत नाही. घासून झालं की ब्लोअरने धूळ उडवा. कडा कोरड्या हव्यात, आणि पॅनेल ओतून २८ दिवस झालेले हवेत.

दुसरं, बॅकर रॉड. हा फोमचा गोल दोर असतो. फटीपेक्षा साधारण पाव पट जाड घ्यायचा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीला १५ मिलिमीटरचा. तो दाबून आत बसवायचा. टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नका, फोम फाटला की हवा सुटते आणि सीलंटमध्ये फुगे येतात. लाकडाची बोथट पट्टी वापरा.

हा रॉड कशासाठी? बरेच जण म्हणतात माल वाचवायला. ते खरं आहे, पण निम्मंच. सीलंटने डावी आणि उजवी, या दोनच कडा धरायला हव्यात. मागची बाजूही धरली तर तो रबरासारखा ताणू शकत नाही, मधूनच फाटतो. रॉडला सीलंट चिकटत नाही, म्हणून मागची बाजू मोकळी राहते. रॉड बसेल एवढी खोली नसेल तर तळाला प्लास्टिकची चिकटपट्टी लावा, तेच काम होतं.

तिसरं, माप. रुंदीच्या निम्मी खोली. १२ रुंदीला ६ मिलिमीटर, २० रुंदीला १०. सहापेक्षा कमी नको. जास्त माल भरला म्हणजे जास्त मजबूत, हा गैरसमज आहे. जाड थर ताणायला कडक जातो आणि कडेपासून सुटतो.

चौथं, माल कुठला? काँक्रीटसाठी पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड सीलंट घ्या, सोबत त्याच कंपनीचा प्रायमर. बाथरूमच्या काचेला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथं चालत नाही. त्यातल्या आम्लाचं काँक्रीटशी जमत नाही आणि ते सुटतं. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही, मग मालकाच्या भिंतीवर पट्टे दिसत राहतात.

पाचवं, वेळ. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल फुगलेले असतात, म्हणजे फट सगळ्यांत लहान असते. तेव्हा भरलं तर थंडीत सीलंट पूर्ण ताणला जातो. ऐन थंडीच्या पहाटे भरलं तर उन्हाळ्यात तो दाबला जातो. मार्च किंवा दिवाळीच्या आसपास, सकाळी ऊन तापायच्या आत, हा उत्तम मुहूर्त. मे मध्येच करावं लागलं तर सावलीची भिंत आधी घ्या, पश्चिमेची सकाळी उरका.

शेवटी पट्टीने दाबून फिनिशिंग करा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवू नका. साबण कडेला उतरला की पकड जाते. नंतर हात लावायची घाई नको, बहुतेक एक घटकी माल दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत सुकतो.

पातळ प्लेटची खोली असेल तर?

कंपाउंडच्या प्लेट वापरून केलेल्या खोल्या आपल्याकडे खूप आहेत. खांबाच्या खाचेत एकावर एक प्लेट बसवतात. इथं प्लेट नुसत्या टेकलेल्या असतात, फट दोन-तीन मिलिमीटरची. रॉड बसत नाही आणि सीलंटलाही जागा नाही.

इथं फटीच्या आत भरण्यापेक्षा वरून पट्टी बांधा. फटीच्या मधोमध एक इंचाची चिकटपट्टी, त्यावर लवचिक वॉटरप्रूफ कोटिंगचा हात, त्यात चार इंच रुंद जाळी किंवा कापड दाबून बसवायचं, आणि वरून दुसरा-तिसरा हात. मधली चिकटपट्टी पुन्हा त्याच कारणासाठी: तेवढा भाग मोकळा राहतो आणि हालचाल झाली तरी पट्टी फाटत नाही.

पण भाव सांगण्याआधी मोजा. १४ बाय १४ फुटांची, ९ फूट उंच खोली धरा. प्लेट ७ फूट लांब, १ फूट उंच. एका बाजूला दोन गाळे, चारही बाजू मिळून आठ. प्रत्येक गाळ्यात नऊ प्लेट, म्हणजे मधल्या आठ आडव्या फटी. आठ गाळे, आठ फटी, सात फूट: ४४८ फूट. पायाजवळची फट ५६ फूट. खांबाच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी १४४ फूट. एकूण ६४८ फूट! दाराचे वजा केले तरी सहाशेच्या वर. मालक म्हणणार, "एवढीशी तर खोलीय." तुम्ही त्याला कागदावर मांडून दाखवा.

आता हिशोब, खरी मेख इथं आहे

६० बाय ४० फुटांचं गोडाऊन घ्या. पॅनेल १० फूट रुंद, १६ फूट उंच. परिघ २०० फूट, म्हणजे २० पॅनेल आणि २० उभ्या फटी. २० गुणिले १६ म्हणजे ३२० फूट, तळाची फट २०० फूट. एकूण ५२० फूट.

फट १२ मिलिमीटर रुंद आणि माल ६ मिलिमीटर खोल असेल तर एका मीटरला ७२ मिली माल लागतो. ६०० मिलीच्या एका सॉसेजमध्ये साधारण २७ फूट होतात. ५२० फुटांना १९ सॉसेज, वाया जाणारा १० टक्के धरून २१.

आता समजा पॅनेल बसवणाऱ्याने फट २० मिलिमीटर ठेवलीय. माल १० मिलिमीटर खोल, म्हणजे मीटरला २०० मिली. एका सॉसेजमध्ये दहा फूटही होत नाहीत. लागणार ५३, वाया जाणारा धरून ५८.

फट फक्त ८ मिलिमीटरने वाढली आणि माल पावणेतीन पट झाला. पैशात बघू. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

- तुम्ही सांगितलेला भाव: ६० रुपये रनिंग फूट, एकूण ३१,२०० रुपये
- बॅकर रॉड: २,६०० रुपये
- प्रायमर, टेप, ब्रश, ग्राइंडरची चाकं: ३,००० रुपये
- मजुरी, दोन माणसं चार दिवस, ८०० रुपयांप्रमाणे: ६,४०० रुपये
- पहाड आणि गाडीभाडं: ३,५०० रुपये
- सॉसेज ५०० रुपयांप्रमाणे: २१ नग १०,५०० रुपये किंवा ५८ नग २९,००० रुपये

पहिल्या फटीत एकूण खर्च २६,००० आणि हातात ५,२०० उरले. दुसऱ्या फटीत खर्च ४४,५०० आणि खिशातून १३,३०० गेले. काम तेच, गोडाऊन तेच, मेहनत तीच. जाड रॉडचा वाढीव खर्च तर यात धरलाच नाही.

म्हणून फोनवर भाव सांगू नका. "येऊन बघतो, मग सांगतो" म्हणा. जाताना टेप आणि स्टीलची छोटी पट्टी न्या. प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी, खाली, मध्ये आणि वर, फटीची रुंदी मोजून वहीत लिहा. पॅनेल ओळंब्यात नसेल तर खाली १० आणि वर १८ अशीही फट सापडते. कोटेशनमध्ये मापच लिहा: "१२ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला अमुक भाव, त्यापुढे अमुक." गिऱ्हाईकालाही कळतं की समोरचा अंदाजपंचे बोलत नाही.

आणि ते ५,२०० सगळे नफा नाहीत. त्यातले थोडे परत जाण्यासाठी बाजूला ठेवा. एका फटीसाठी दोन माणसं पुन्हा एक दिवस गेली तर १,६०० मजुरी आणि गाडीभाडं गेलंच.

जे दिसत नाही त्याचा पुरावा ठेवा

१६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली पॅनेलच्या इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. ती इमारत १९८६ मध्ये सुटी करून उतरवली, तेव्हा पॅनेलच्या सांध्यांत नीट भरलेल्या मसाल्याऐवजी काही ठिकाणी वर्तमानपत्राचे कागद आणि सिगारेटची थोटकं निघाली. ते सांधे भार घेणारे होते, आपला विषय पाण्याचा आहे. पण माणसाचा स्वभाव तोच: जे झाकलं जाणार ते कसंही भरा.

तुमच्या कामातही रॉड झाकला जातो, प्रायमर झाकला जातो, घासलेली कड झाकली जाते. वरून सगळ्यांची फट सारखीच दिसते. फरक पावसात कळतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्या जिल्ह्याने काय पाहिलं ते वेगळं सांगायला नको. गोडाऊनमध्ये सोयाबीन किंवा कापूस असतो. तो भिजला तर कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न भिजतं.

म्हणून तीन सवयी लावा.

एक: प्रत्येक भिंतीचे तीन फोटो काढा. घासलेली फट, रॉड बसवलेली फट, आणि पूर्ण झालेलं काम. मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. हीच तुमची जाहिरात.

दोन: माल पूर्ण सुकल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, ओढून बघा. सीलंटला आडवा काप द्या, दोन्ही कडांनी दोन-तीन इंच सोडवा आणि ती पट्टी धरून ओढा. कडेपासून अख्खी सोलून निघाली तर पकड नाही, घासणं किंवा प्रायमर कमी पडलं. ताणून मधेच तुटली तर काम पक्कं. कापलेली जागा लगेच भरून टाका.

तीन: पाइपने पाणी मारून दाखवा, पण खालून वर जा. प्रत्येक पाच फुटांना पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून आत आलं ते कळत नाही.

हमी देताना तोंडी "दहा वर्षं काही होणार नाही" असं म्हणू नका. लिहून द्या: किती वर्षं, फक्त आपण भरलेल्या फटींची, छतातून किंवा खिडकीतून आलेलं पाणी त्यात नाही, पॅनेलला तडा गेला तर नाही. आणि पहिल्या पावसानंतर एक चक्कर स्वतःहून मारा. बोलावण्याआधी येणारा माणूस गिऱ्हाईक विसरत नाही.

सुरुवात कुठून कराल?

लगेच कर्ज काढू नका. गन, ग्राइंडर, ब्लोअर, पट्ट्या, सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट एवढ्यावर पहिलं काम होतं. उंचीवर बेल्टशिवाय माणूस चढवायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

मग तुमच्या तालुक्यातल्या प्रीकास्ट बनवणाऱ्यांना भेटा. गळतीचा पहिला फोन त्यांनाच जातो आणि त्यांना त्याचा वैताग असतो. "तुम्ही उभारा, फटी मी भरतो, हमी माझी" एवढंच सांगा. एकानं जरी होकार दिला तरी काम यायला लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ: गावातली एक प्रीकास्टची खोली किंवा गोडाऊन निवडा. मालकाला विचारून सगळ्या फटी मोजा, रुंदीसकट. लागणारे सॉसेज काढा आणि कोटेशन कागदावर लिहा. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं. पाच ठिकाणी असं केलंत की सहाव्या ठिकाणी भाव सांगताना तुमचा आवाज हलणार नाही.

चला, टेप घ्या आणि निघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!